थर्लोसाहेबांचा ढग

२१ जून. नदीपासून अठरा मैल पुढे, छावणी

जनरलसाहेबांना माझं नाव माहीत आहे! देवाशपथ सांगतो, आज सकाळी थेट माझ्या टेकाडावर आले, घोड्यावरून उतरले आणि म्हणाले, "काय कॉर्पोरल ट्रँटर, ऊन बरं आहे का आज?" मी तर बूट घालायच्या तयारीत होतो, एक पाय उघडाच. तसाच सलाम ठोकला. ते हसले. मेजर-जनरल सर जॉफ्री थर्लो माझ्या उघड्या पायाकडे बघून हसले, हे मी म्हातारपणी नातवंडांना सांगणार.

ऊन म्हणजे आमचं पोट. या मुलखात तारेचे खांब फक्त नदीकाठच्या गढीपर्यंत. तिथून पुढे सगळी भिस्त आरशावर. तिथल्या उंच डोंगरावर एक आरसा, इथे माझा एक. सूर्य पकडायचा, किल्ली दाबायची, लांब आणि आखूड चमका मारायच्या. प्रत्येक शब्द मिळाला की पलीकडच्यानं एक चमक मारून होकार द्यायचा. होकार नाही तर पुढचा शब्द नाही, आणि शेवटचा होकार नाही तर निरोप पोचलाच नाही असं धरायचं. हा नियम आमच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकलेला असतो, चुकलो तर पगार कापतात.

तर साहेब माझ्या दुर्बिणीतून उत्तरेकडे बघत बसले. तिकडे मोत्सेरे राजाचा डोंगर. काही बोलले नाहीत. पण सगळ्या छावणीला माहीत आहे त्यांच्या मनात काय आहे ते. सोळाव्या वर्षी क्रिमियात निशाण धरून उभे राहिले, मग हिंदुस्थानातलं बंड, मग चीन, मग न्यूझीलंड. सव्वीस वर्षं गोळ्या खाल्ल्या आणि पदकं मिळवली. आणि या जानेवारीत, एका धुक्याच्या सकाळी, मोत्सेरेच्या माणसांनी त्यांच्या शिपायांच्या चार कंपन्या कापून काढल्या. लंडनच्या पेपरांनी त्यांची सालटी काढली. आता जनरल ॲशकम त्यांच्या जागी यायला निघालाय. जहाज कुठल्याही दिवशी किनाऱ्याला लागेल. तो यायच्या आत म्हाताऱ्यानं (थर्लोसाहेबांना आम्ही आपसात म्हाताराच म्हणतो) लढाई मारली तर नाव धुऊन निघेल. नाही मारली तर मान खाली घालून घरी.

आम्ही सगळे म्हाताऱ्याच्या बाजूचे. जानेवारीत मेलेल्यांत आमचेही होतेच की.

२३ जून

इकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. थंडी अशी की सकाळी चहाच्या मगाला हात चिकटतो. पण आभाळ? पुसून ठेवलेल्या ताटासारखं. महिनाभर एक चिंधी ढग नाही.

सरकारी निरोप संपले की मी आणि सायलस गप्पा मारतो. ते नियमात बसत नाही, पण अठरा मैलांवरून कोण कान पकडणार? सायलस गेज म्हणजे नदीच्या डोंगरावरचा माणूस. माझ्याच गल्लीतला, माझ्याबरोबर कुंभारभट्टीत बशा भाजलेला, आणि परत गेलो की माझ्या बहिणीचा, हेटीचा, नवरा होणारा. चमकेवरून मी त्याला ओळखतो. लांब चमक जरा जास्तच लांब धरतो. बोलतोही तसाच, रेंगाळत.

आज विचारलं, "जेवलास का?"

मी म्हटलं, "बिस्किट चावतोय. दगड आणि बिस्किट शेजारी ठेवलं तर दगड मऊ लागतो."

"हेटीचं पत्र आलंय. तुझ्याबद्दल एक ओळ, माझ्याबद्दल चार पानं."

"मेव्हण्या, लग्न होऊ दे, मग बघू किती पानं येतात."

त्यानं नुसत्याच चमका मारल्या, अर्थ नसलेल्या, भरभर. तो हसला की तसं करतो.

२५ जून

काय दिवस! आजच्यासारखा दिवस आयुष्यात एकदा येतो.

दहाच्या सुमारास सायलसची चमक आली. तातडीची खूण. जनरलसाहेब आणि त्यांचे खास अधिकारी कॅप्टन ड्र्यूरी नेमके माझ्याजवळच उभे. मी एकेक शब्द मोठ्यानं वाचत होतो, एकेक होकार देत होतो.

"जनरल. ॲशकम. किनाऱ्यावर. उतरले."

ड्र्यूरीसाहेबांनी शिवी हासडली.

"सेनापतिपद. त्यांच्याकडे. ते. पोचेपर्यंत. आपण."

पुढचा शब्द 'थांबावं', हे शेंबडं पोरही सांगेल. आणि तेवढ्यात, मी 'आपण'चा होकार द्यायला किल्ली दाबणार, तर थर्लोसाहेबांनी डोक्यावरचा टोप काढला आणि अगदी सहज, खुंटीवर अडकवावा तसा, माझ्या आरशावर ठेवला.

साहेबांनी वर बघितलं. टक्कल उन्हात चमकत होतं. म्हणाले, "ट्रँटर, तुला काय वाटतं? ढग आला का?"

मला एक क्षण लागला, फक्त एक. मग असा आनंद झाला म्हणून सांगू! मी टाचा जुळवल्या आणि म्हटलं, "चांगलाच दाट आलाय, सर!"

"किती दिवस राहील?"

"आपण म्हणाल तितके दिवस, सर!"

ड्र्यूरीसाहेब तोंड फिरवून हसायला लागले. थर्लोसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी काही म्हणत नाही, बाळा. हवामान बघणं तुझं काम. तू बघ, आणि तू तुझ्या वहीत लिही." मी तिथल्या तिथे नोंदवहीत लिहिलं: दहा वाजून वीस मिनिटं, ढग, निरोप अर्धवट. खाली माझी सही. साहेबांनी ती वाचली, मान हलवली आणि टोप घालून निघून गेले.

निरोप पोचला नाही म्हणजे हुकूम नाही. हुकूम नाही म्हणजे थर्लोसाहेब अजून सेनापती. तिकडून घोडेस्वार पाठवावा तर मधल्या खिंडीत मोत्सेरेची माणसं दबा धरून बसलेली. आता लढाई होणारच! आणि ती कोणामुळे झाली म्हणाल? एनॉक ट्रँटरमुळे!

२६ जून

सकाळी सातपासून सायलस चमकतोय. तोच शब्द पुन्हा पुन्हा. मला हाक, मला हाक, मला हाक. मी आरशाला पाठ लावून चहा पीत बसलो. हात नुसते शिवशिवत होते. उत्तर द्यायची इतकी सवय की अंगठा आपोआप हलतो.

दुपारी त्यानं होकाराची वाट न बघता आपलं म्हणणं रेटलं. "एनॉक. बरा आहेस ना?" मग थोड्या वेळानं, "एनॉक. काही झालंय का?"

हसू येत होतं. बिचारा तिकडे केस उपटत असेल. लग्नात सगळ्यांसमोर सांगेन, की लेका, तू बोंबलत होतास तेव्हा मी तुझ्याकडे बघत बिस्किट खात होतो. चिडेल असा की बस्स. हेटी मात्र पोट धरून हसेल.

वहीत: दिवसभर ढग.

२७ जून. पुढची छावणी

सहा मैल पुढे सरकलो. बैलगाड्यांचा तो गोंधळ, तो धुरळा, ती शिवीगाळ, आणि सगळे खुशीत! जानेवारीपासून तोंड लपवून हिंडणारी पोरं आज गात चालली होती. नव्या टेकाडावरूनही सायलसचा डोंगर स्वच्छ दिसतो.

दुपारी मोत्सेरेकडून एक म्हातारा आला. सोबत दोन पांढरे बैल आणि एक हस्तिदंत. दुभाष्यानं सांगितलं की राजा म्हणतोय, मला भांडायचं नाही, काय हवं ते सांगा, माणसं मारू नका. थर्लोसाहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, अगदी गोड बोलले. म्हणाले, उद्या दुपारपर्यंत तुमच्या सगळ्या बंदुका आणि जानेवारीत लढलेली सगळी माणसं माझ्या हवाली करा, की झाली सोयरीक.

म्हाताऱ्यानं चहा न पिता कप खाली ठेवला. मग दुभाष्याला म्हणाला, "त्या माणसांना एकत्र करायलाच आठ दिवस लागतील. त्याला हे माहीत नाही का?"

"त्याला माहीत आहे," दुभाषा म्हणाला. हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

म्हातारा बैल तिथेच ठेवून चालत परत गेला. आम्ही रात्री बैल खाल्ले. चार महिन्यांत पहिल्यांदा ताजं मांस! चरबी हनुवटीवरून ओघळत होती. काय सांगू त्याची चव!

२८ जून

सायलस अजून दमला नाही. आज म्हणाला, "तुमचे तंबू दिसतात. धूर दिसतो. मग बोलत का नाहीस?"

ड्र्यूरीसाहेब चक्कर मारून गेले. मी विचारलं, "सर, एक चमक मारू का? नुसती एक. निरोपाला होकार नाही, आपलं माझ्या मित्राला. घाबरलाय तो."

"वेडा आहेस का? एक चमक मारलीस की ढग गेला." मग माझ्या पाठीवर थाप मारली. "अजून तीन दिवस कळ काढ. तिसरी फीत तुझ्या बाहीवर शिवलेली मला आत्ताच दिसतेय."

सार्जंट ट्रँटर! मोठ्यानं म्हणून बघितलं. ऐकायला झकास वाटतं.

२९ जून

सायलस दुपारपासून गप्प. चला, सुटलो बुवा. कंटाळला असेल, नाहीतर रुसला असेल. रुसला की दोन-दोन दिवस बोलत नाही, पोरपणापासूनची खोड.

उद्या शेवटची मजल. परवा लढाई. भीती वाटत नाही. खरंच नाही. सगळ्यांना पन्नास-पन्नास काडतुसं वाटली.

१ जुलै

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

कान अजून बहिरे आहेत. उजेडायच्या सुमारास आम्ही मोठा चौकोन करून उभे राहिलो, चार रांगा चारी दिशांना, मध्ये साहेब घोड्यावर. खाली वाकायला तयार नाहीत. समोरचा अख्खा डोंगर हलायला लागला. ती माणसं होती. ढालींवर भाले आपटत येत होती, त्याचा आवाज छातीत घुमत होता. मी साहेबांच्या मागे दहा पावलांवर, पाठीवर आरसा, हातात बंदूक. ती सत्तर पावलांपर्यंत आली. एक जण पन्नासपर्यंत आला, पोरगेलासाच, त्याच्याकडे ढालसुद्धा नव्हती. त्याच्यापुढे कोणी आलं नाही.

अर्ध्या तासात खलास. आमचे नऊ गेले. त्यांचे मोजायला गेलेला अधिकारी अकराशेवर थांबला आणि परत आला.

थर्लोसाहेबांनी टोप काढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं. म्हणाले, "झालं. आता येऊ दे त्याला." सगळा चौकोन त्यांच्या नावानं ओरडला, मी सर्वांत मोठ्यानं. सव्वीस वर्षांची नोकरी अर्ध्या तासात परत मिळाली. आणि त्या अर्ध्या तासासाठी दिवस कोणी मिळवून दिले? लाज सोडून लिहितो, मी!

मग मला हाक. "ट्रँटर, हवा कशी आहे?"

"ढग गेला, सर!"

"मग राणीसरकारांना कळव."

लढाईच्या जागेवरून सायलसचा डोंगर दिसत नाही, उद्या सकाळी टेकाडावर परत जायचं. विजयाची बातमी माझ्या हातून जाणार! आधी सायलसची माफी मागेन, मग बातमी. नको, आधी बातमी. आनंदात माफ करून टाकेल.

२ जुलै

आरसा लावला, हाक मारली. लगेच उत्तर आलं. पण हात सायलसचा नाही. तुटक, घाईघाईचा, नवशिका.

मी विचारलं, "कोण?"

"शिपाई ब्रॉडी."

मी अख्खी बातमी पाठवली, शब्दन्‌शब्द, होकार घेत. मग विचारलं, "गेजला बोलव. म्हणावं, रुसवा पुरे."

मग आलं, "गेज. तुमच्याकडे. आला. ना?"

मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच. एकोणतीसला दुपारी एकटा निघाला, खिंडीच्या वाटेनं, आमच्याकडे यायला. पोचला नाही का, असं ब्रॉडी मलाच विचारत होता.

वाट चुकला असेल. सायलसला दिशा कळत नाहीत, आमच्याच गावात हरवायचा. नाहीतर इथल्या कुठल्या गोऱ्या बोअर शेतकऱ्याच्या घरी दूध पीत बसला असेल. येईल. छावणीत नाच-गाणी चाललीत, मला तिथे बोलावतायत. जातो.

४ जुलै

खिंडीत सापडला. परतीच्या वाटेवर घोडेस्वारांना दिसला. तीन भाले. मी जाऊन बघितलं. ओळखू आला.

एक गोष्ट मला कळत नाही. त्याच्या पाठीवर आरशाची कातडी पेटी होती. आत आरसा, एका कपड्यात नीट गुंडाळलेला. माझ्याकडे यायचं तर एवढं ओझं कशाला? ते नसतं तर पळता आलं असतं कदाचित.

आज थर्लोसाहेब किनाऱ्याकडे निघाले. तिसरी फीत त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली. मी सांगितलं, "सर, माझा मित्र गेला. मला शोधायला निघाला होता."

ते थांबले. खरंच वाईट वाटलं त्यांना, मी खोटं बोलणार नाही. म्हणाले, "चांगली माणसं अशीच जातात, सार्जंट. त्याचं नाव अहवालात घालतो. ढगाळ हवेमुळे संपर्क तुटला असता कर्तव्यापोटी पुढे आला, असं." मग हात पुढे केला. मी तो हातात घेतला. का घेतला, माहीत नाही.

७ जुलै

नवे जनरल पोचले. आज त्यांच्या मेजर कीस्टननी मला तंबूत बोलावलं. टेबलावर दोन नोंदवह्या. एक माझी, दुसरी नदीच्या डोंगरावरची.

"पंचवीस ते तीस, ढग. ही सही तुझी?"

"हो, सर."

"आणि नदीच्या डोंगरावर, त्याच दिवसांत, रोज, निरभ्र. अजब हवा आहे या मुलखात."

मग मी सांगून टाकलं. टोप, टक्कल, होकार, सगळं. एका दमात. मेजरसाहेब पेन खाली ठेवून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "जनरल थर्लो घरी निघालेत. तिकडे गावोगावी त्यांच्या स्वागताच्या कमानी उभारणं चाललंय. त्यांनी आरशावर टोप ठेवला, हे तुझ्या वहीत आहे?"

"नाही, सर."

"वहीत काय आहे?"

"ढग."

"मग ढगच." आणि माझ्याकडे न बघता दुसरी वही पुढे सरकवली. "शेवटची नोंद वाच. तुझ्यासाठी आहे असं वाटतं."

तंबूबाहेर आलो आणि उभ्या-उभ्या वाचली. सायलसचं अक्षर. इथे उतरवून ठेवतो, वही त्यांना परत द्यायची आहे.

'२९ जून, दुपारी एक. आभाळ स्वच्छ. दुर्बिणीतून छावणी दिसते, माणसं हिंडताना दिसतात, म्हणजे सगळे सुखरूप आहेत. एनॉकचा आरसा फुटलेला दिसतो, दुसरं काही कारण नाही, नाहीतर तो बोलल्याशिवाय राहिला नसता. जादाचा आरसा घेऊन त्याच्याकडे निघतो. किल्ली ब्रॉडीकडे.'

म्हणून ती पेटी. म्हणून.

८ जुलै

हेटीला पत्र लिहायला बसलोय. सकाळपासून तीन कागद फाडले. थर्लोसाहेबांचा अहवाल तिथल्या पेपरात छापून येईल, तो ती वाचेल, आपल्या माणसाचं नाव त्यात बघेल, आणि ढगावर विश्वास ठेवेल. मी नुसतं तेच लिहिलं, की ढग होता, माझा इलाज नव्हता, तर ती रडेल आणि मला माफ करेल. घरी गेलो की दारात येऊन मिठी मारेल.

म्हणून तसं लिहिणार नाही.